जोसेफ ब्लॅकचं जुनं खोदचित्र: अस्सल ओळखायचं कसं आणि आपल्या दमट घरात टिकवायचं कसं

आधी माझी फजिती सांगते म्हणजे पुढचं सगळं कशासाठी ते कळेल. मी ठाण्यात घरीच अकरावी-बारावीच्या केमिस्ट्रीच्या बॅचेस घेते आणि क्लासच्या खोलीत भिंतीवर एखादा केमिस्ट लावायचं खूप दिवस मनात होतं. लॅव्हॉझिए सगळेच लावतात, मला हवा होता स्कॉटलंडचा जोसेफ ब्लॅक. ऑनलाइन एकाकडे ‘१८०० सालचं ओरिजिनल एन्ग्रेव्हिंग’ (म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर खोदून त्यावरून छापलेलं चित्र) दिसलं, पिवळटलेला कागद, कडेने त्या पत्र्याच्या दाबाची छान खूण, मी हुरळून गेले आणि मागवलं. घरी आल्यावर साधं भिंग धरलं तर नाकावर, कपाळावर, कोटावर सगळीकडे एकसारखे ओळीत बसलेले ठिपके, अगदी जुन्या पेपरातल्या फोटोसारखे. म्हणजे फोटोवरून छापलेलं कुठल्यातरी पुस्तकातलं पान, आणि ती दाबाची खूण मागाहून उमटवलेली. विकणाऱ्याने परत घेतलं नाही. पैसे गेले ते गेलेच.

मग मी हट्टालाच पेटले. भाचा एडिंबराला शिकतो, त्याला कामाला लावलं. तो जुन्या छापचित्रांच्या दुकानात उभा राहून व्हिडिओ कॉल करायचा आणि मी इकडून ‘भिंग अजून जवळ धर, नाही रे, डोळ्याच्या कोपऱ्यावर धर’ असं ओरडायचे. शेवटी एक बरं सापडलं. या सगळ्यात जे शिकले ते इथे पायरीपायरीने लिहितेय. ब्लॅकसाठी लिहितेय, पण हे त्या काळातल्या कुणाच्याही छापील पोर्ट्रेटला चालेल.

आधी माणूस कोण ते बघा, घाई नको

हे टाळू नका, कारण चित्र तपासताना याचाच उपयोग होतो. ब्लॅकचा जन्म १७२८ सालचा, तोही फ्रान्समध्ये बोर्दोला, कारण वडील तिथे वाइनचे व्यापारी. शिक्षण ग्लासगो आणि एडिंबरात, गुरू विल्यम कलन. चुनखडी भट्टीत भाजली की तिचं वजन घटतं आणि कळीचा चुना तयार होतो, हे तर सगळ्या भट्टीवाल्यांना माहीत होतं. पण साधी चुनखडी भाजल्यावर इतकी दाहक का होते, यावर तेव्हाचं उत्तर असं की आगीतलं काहीतरी तिच्यात शिरतं. ब्लॅकने मॅग्नेशिया अल्बा म्हणजे आपलं मॅग्नेशियम कार्बोनेट घेतलं, चुना घेतला, आणि दर टप्प्याला तराजू लावला. शिरत काहीच नाही, उलट एक हवा बाहेर निघून जाते, आणि तीच परत दिली की चुन्याची पुन्हा चुनखडी. त्या हवेला तो ‘फिक्स्ड एअर’ म्हणाला, आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो. निबंध छापून आला १७५६ मध्ये. आपण शाळेत स्ट्रॉने चुन्याच्या निवळीत फुंकून ती दुधाळ करायचो ना, ते मूळ याचं. मग ग्लासगोत असताना अप्रकट उष्मा (बर्फ वितळताना किंवा पाण्याची वाफ होताना तापमान न वाढवता जिरणारी उष्णता) आणि विशिष्ट उष्मा, १७६६ पासून एडिंबरात प्रोफेसर, आणि १७९९ च्या डिसेंबरात मृत्यू. कबर तिथल्याच ग्रेफ्रायर्स कबरस्तानात. (जुन्या पुस्तकात मृत्यूची तारीख नोव्हेंबरची दिसेल, ती चूक नंतर दुरुस्त झाली, त्यामुळे चित्राखाली कुणी तारीख छापली असेल तर तिकडेही लक्ष ठेवा.)

त्याच्या मृत्यूची गोष्ट त्याचा मित्र ॲडम फर्ग्युसनने लिहून ठेवलीय आणि ती मला फार आवडते. जेवायला बसला होता, समोर पाव, थोडे सुके प्लम आणि मोजून घेतलेलं पाणी घातलेलं दूध. शेवटची वेळ आली तेव्हा पेला हातात होता, तो त्याने मांडीवर टेकवला, हाताने सरळ धरला आणि तसाच गेला, एक थेंब सांडला नाही. नोकर आला तर त्याला वाटलं साहेबांचा डोळा लागलाय. ज्या माणसाने आयुष्यभर वजनं-मापं केली त्याचं दूधसुद्धा मोजलेलंच.

पहिली पायरी: कुठकुठली चित्रं आहेत त्याची यादी डोक्यात ठेवा

खोदचित्र म्हणजे मूळ चित्र नव्हे, बहुतेक वेळा कुणीतरी आधी तैलचित्र काढलेलं असतं आणि दुसरा माणूस ते तांब्याच्या पत्र्यावर उतरवतो. ब्लॅकची दोन तैलचित्रं महत्त्वाची, एक डेव्हिड मार्टिनचं १७८७ मधलं आणि दुसरं हेन्री रेबर्नचं, साधारण १७९० च्या आसपासचं. रेबर्नच्या चित्रावरून जेम्स हीथ नावाच्या लंडनच्या नावाजलेल्या खोदकाराने जे खोदलं तेच सगळ्यात जास्त दिसतं, इंटरनेटवर ब्लॅक शोधला की जो चेहरा येतो तो बहुतेक वेळा त्याच वंशातला. ब्लॅक गेल्यावर त्याची लेक्चर्स जॉन रॉबिसनने दोन खंडांत १८०३ मध्ये काढली, त्याच्या सुरुवातीलाही हीथचं पोर्ट्रेट आहे. त्यामुळे सुटं मिळणारं चित्र पुस्तकातून काढलेलं असण्याची शक्यता बरीच. ते वाईट नाही, फक्त ठाऊक असावं.

दुसरी जात जॉन के याची. हा एडिंबराचा, आधी न्हावी, नंतर दुकान टाकून गावातल्या मोठ्या लोकांची गमतीदार चित्रं काढून विकायचा. ही कोणाच्या तैलचित्रावरून नाहीत, त्याने स्वतः बघून पत्र्यावर उतरवलेली. १७८७ ची दोन ठरलेली, एकात ब्लॅक लेक्चर देतोय आणि दुसऱ्यात ब्लॅक आणि त्याचा जिवलग मित्र, भूशास्त्राचा जेम्स हटन, समोरासमोर. मला खरं सांगायचं तर के जास्त आवडतो. रेबर्नचा ब्लॅक म्हणजे भारदस्त प्रोफेसर, केचा ब्लॅक म्हणजे काल रस्त्यात भेटलेला माणूस. पण इथे एक गोम आहे. केचे पत्रे तो १८२६ मध्ये वारल्यावरही वापरात राहिले, १८३७-३८ मध्ये ह्यू पेटनने त्यांची मोठी पुस्तकं काढली आणि १८७७ मध्ये अजून एक आवृत्ती आली. म्हणजे खाली १७८७ खोदलेलं असलं तरी कागदावर शाई लागली ती पन्नास किंवा नव्वद वर्षांनी, असं सहज होतं. पत्र्याचं वय वेगळं, छापाचं वय वेगळं. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी निम्मी फसवणूक टळते.

यादी झाली की लंडनची नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी, वेलकम कलेक्शन, ब्रिटिश म्युझियम आणि नॅशनल गॅलरीज ऑफ स्कॉटलंड यांच्या ऑनलाइन संग्रहात जा, ब्लॅक शोधा आणि मोठ्या साइझच्या इमेजेस फोनमध्ये उतरवून ठेवा. नंतर बटणन् बटण ताडून बघायला लागणार आहेत.

दुसरी पायरी: चित्राखालचा मजकूर वाचा, अगदी मुंगीएवढा असला तरी

चित्राच्या लगेच खाली डावीकडे चित्रकाराचं नाव आणि उजवीकडे खोदकाराचं, हा तेव्हाचा रिवाज. नावापुढे लॅटिन शब्द तोडून लिहिलेले असतात. ‘पिंक्सिट’ म्हणजे याने रंगवलं, ‘डेलिनिएव्हिट’ म्हणजे याने रेखाटलं, ‘स्कल्प्सिट’ म्हणजे याने खोदलं, ‘फेसिट’ म्हणजे याने केलं, आणि ‘एक्सक्युडिट’ म्हणजे याने छापून बाजारात आणलं. सगळ्यात खाली प्रकाशकाचं नाव, पत्ता, तारीख. ‘पब्लिश्ड ॲज द ॲक्ट डायरेक्ट्स’ असं दिसलं तर तो ॲक्ट १७३५ चा, चित्रकार होगार्थ आणि मंडळींनी खटपट करून आणलेला, खोदचित्रांच्या कॉपीराइटचा. त्या संरक्षणासाठी तारीख आणि नाव पत्र्यावर खोदावं लागायचं, आणि त्यांच्या त्या सक्तीमुळे आज आपलं काम सोपं झालंय.

आता माझी आवडती युक्ती. हेन्री रेबर्नला ‘सर’ ही पदवी मिळाली १८२२ मध्ये, चौथा जॉर्ज राजा स्कॉटलंडला आला होता तेव्हा. त्यामुळे तुमच्या चित्राखाली ‘सर हेन्री रेबर्न’ असं छापलेलं असेल तर ती अक्षरं १८२२ च्या आधीची असूच शकत नाहीत, मग विकणारा छातीठोकपणे १८०० म्हणो नाहीतर काही म्हणो. एका शब्दावर वीस-बावीस वर्षांचा निकाल. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मावशी, तू केमिस्ट्री सोड आणि सीआयडीत जा.”

मजकूर अजिबात नसेल तर दोन शक्यता. एक तर अक्षरं खोदण्याआधी काढलेला प्रूफ म्हणजे चाचणीचा छाप, जो महाग असतो. किंवा कुणीतरी कात्री चालवून खालची पट्टी उडवलीय, जे फार जास्त वेळा घडलेलं असतं. विकणारे दुसऱ्याला पहिलं म्हणतात.

तिसरी पायरी: भिंग

दहापट मोठं दाखवणारं दागिनेवाल्यांचं लूप घ्या, फार महाग नसतं, ते नसेल तर फोनला लावायची मॅक्रो लेन्सही चालते. चेहऱ्यापासून सुरू करू नका, आधी सावलीचा भाग बघा, मग गाल, मग बॅकग्राउंड.

रेघा असतील तर रेघेचं टोक बघा. तांब्यावर पोलादी ब्युरिनने, म्हणजे टोकदार खोदणीने, खोदलेली रेघ सुरुवातीला बारीक, मध्ये फुगलेली आणि शेवटी परत टोकदार, साधारण तांदळाच्या लांब दाण्यासारखी. ॲसिडने कोरलेली रेघ, म्हणजे एचिंग, सगळीकडे सारख्या जाडीची, टोकं बोथट, आणि थोडी थरथरती, कारण तिथे हात मेणाच्या थरावर मोकळा फिरतो आणि तांबं खायचं काम ॲसिड करतं. केची चित्रं अशी. ठिपके असतील आणि ते वेडेवाकडे, लहानमोठे, कुठे दाट कुठे विरळ असतील तर तो स्टिपल, गालाची आणि कपाळाची मऊ कातडी दाखवायला तेव्हा तो फार वापरायचे. रेघही नाही, ठिपकाही नाही, नुसतं मखमलीसारखं काळं आणि त्यातून उजेड वर आल्यासारखा दिसत असेल तर मेझोटिंट, त्यात आधी अख्खा पत्रा खरखरीत करून घेतात आणि मग जिथे उजेड हवा तिथे घासून गुळगुळीत करतात. एकाच चित्रात दोन-तीन पद्धती एकत्र असणं अगदी नेहमीचं, त्यामुळे दुकानाच्या चिठ्ठीवर काय लिहिलंय ते बाजूला ठेवा आणि स्वतः बघा.

आणि ठिपके एकसारख्या जाळीत, तिरक्या ओळीत कवायतीला उभे असल्यासारखे असतील तर तो हाफटोन, म्हणजे १८८० नंतरचं फोटोवरून केलेलं काम. माझं पहिलं तेच. काळ्या भागात निळे-गुलाबी-पिवळे बारीक कण दिसले तर घरच्या प्रिंटरसारख्या इंकजेटवर काढलंय, तिथे पुढे काही बघायची गरज नाही. फसवणारा एकच, फोटोग्रॅव्हर. तोही खरोखर तांब्यावरूनच छापतात, शाई खोल असते, दाबाची खूणही खरी असते, पण भिंगात एकही हाताने ओढलेली रेघ सापडत नाही, नुसती बारीक रवाळ धूळ दिसते.

भिंग हातात आहेच तर कोटाची बटणं बघून घ्या. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजव्यावर येते. पत्र्यावर जसंच्या तसं खोदलं तर छाप उलटा येतो, म्हणून चांगले खोदकार आरशात बघून उलटं खोदायचे, आणि दुसऱ्याच्या छापावरून घाईत नक्कल मारणारे तेवढे कष्ट घ्यायचे नाहीत. बटणं उलट्या बाजूला आणि ब्लॅक मूळ चित्राच्या विरुद्ध दिशेला बघतोय, म्हणजे नकलेची नक्कल असण्याची शंका घ्या.

चौथी पायरी: आडवा उजेड

खोलीतला दिवा बंद करा, चित्र टेबलावर सपाट ठेवा आणि फोनचा टॉर्च कागदाच्या जवळजवळ पातळीवरून एका बाजूने मारा. तांब्याच्या पत्र्यावरून छापताना कागद ओला करून रोलरखालून जोरात दाबून काढतात, त्यामुळे पत्र्याच्या कडांची खोलगट चौकट कागदात उमटते, कोपरे किंचित गोल असतात. शिवाय शाई कागदाच्या वर हलकीशी उभी असते, आडव्या उजेडात दाट रेघांचा भाग खडबडीत दिसतो. बोटाने चाचपून बघू नका, बघायचा मोह होतो, पण बोटाचा तेलकटपणा कागदात उतरतो. मागाहून दाबून केलेली खोटी चौकट बहुतेक वेळा फार स्वच्छ आणि फार टोकदार असते, आणि तिच्या आतल्या भागात व बाहेरच्या भागात कागदाच्या पोतात काहीच फरक नसतो, जो खऱ्यात असतो.

माप घ्या, आधी उंची मग रुंदी, चौकटीचं वेगळं, चित्राचं वेगळं, पूर्ण कागदाचं वेगळं, सगळं मिलिमीटरमध्ये. संग्रहालयातल्या मापाशी दोन-चार मिलिमीटर जुळलं नाही तर घाबरू नका, ओला कागद वाळताना आकसतो आणि प्रत्येक ताव थोडा वेगळा आकसतो.

पाचवी पायरी: कागद

चित्र खिडकीपुढे दोन्ही हातांनी धरा, खालून आधार देऊन. जवळजवळ बारीक आडव्या रेघा आणि दर अडीच सेंटीमीटरच्या आसपास एक उभी रेघ दिसली तर तो जुन्या पद्धतीचा तारेच्या साच्यावरचा कागद. रेघा नसतील, एकसारखा असेल तर विणलेल्या जाळीवरचा, जो इंग्लंडात जेम्स व्हॉटमनने १७५७ च्या सुमारास सुरू केला. १८०० पर्यंत दोन्ही चालू होते त्यामुळे यावरून एकट्याने निकाल लागत नाही. वॉटरमार्क सापडला तर मात्र लॉटरी, कारण १७९४ च्या एका कायद्यामुळे इंग्लंडातले कागदवाले वॉटरमार्कमध्ये साल घालायला लागले. सालाच्या आधी छापलं नाही एवढं नक्की होतं, नंतर कधीही छापलं असू शकतं.

अजून एक स्वस्तातली टेस्ट. नोटा तपासायचा छोटा यूव्ही टॉर्च असतो ना, तो अंधारात कागदावर मारा. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात ब्राइटनर आहे, डिटर्जंट पावडरीत असतं तसलंच, आणि ते कागदात यायला लागलं १९५० च्या सुमारास. चहाच्या पाण्यात बुडवून म्हातारा केलेला नवा कागद यात लगेच सापडतो. अस्सल जुना कागद मळकट पिवळसरच राहतो.

सहावी पायरी: कागदाचं आजारपण ओळखा, यात ब्लॅकच कामाला येतो

इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण खरी मजा इथे आहे.

१८०० चा कागद चिंध्यांचा. जुने लिनन-सुती कपडे सडवून, कुटून, लगदा करून हाताने काढलेला. म्हणून माझ्याकडचा तो खोटा, वयाने नक्कीच लहान असलेला कागद कडेला तुकडे पडायला आलाय आणि खरा, सव्वादोनशे वर्षांचा, अजून लवचिक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर लाकडाचा लगदा आणि सोबत राळ-तुरटी आली, तुरटीमुळे ॲसिड, आणि ॲसिड सेल्युलोजच्या साखळ्या तोडत बसतं. चांगल्या कागदालाही ॲसिड बाहेरून मिळतं, हवेतून आणि विशेषतः मागे लावलेल्या स्वस्त पुठ्ठ्यातून. जुनी फ्रेम उघडली की चित्राभोवती तपकिरी चौकोनी रेघ दिसते ना, ती पुठ्ठ्याने भाजलेली.

मग कागद वाचवणारे तज्ज्ञ काय करतात? विसाव्या शतकात अमेरिकेत विल्यम बॅरोने जी पद्धत बसवली त्यात कागद आधी चुन्याच्या निवळीत आणि मग कॅल्शियम बायकार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात. निवळी ॲसिड मारते, आणि उरलेल्या चुन्याची कागदाच्या धाग्यातच बारीक चुनखडी होऊन बसते, जी पुढे येणारं ॲसिड खात राहते. दुसरी पद्धत मॅग्नेशियमची, पाण्यात मॅग्नेशियम कार्बोनेट घालून त्यातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडायचे, ते विरघळतं आणि त्या पाण्यात कागद. आता वर जा आणि ब्लॅकच्या १७५६ च्या निबंधात काय होतं ते परत वाचा. मॅग्नेशिया अल्बा, चुना आणि फिक्स्ड एअर. तीच तीन पात्रं. स्वतःच्या चित्राच्या कागदाचं औषध हा माणूस आधीच शोधून गेलाय, आणि हे मला कळलं तेव्हा मी बॅच सुरू असताना मध्येच मुलांना सांगत सुटले, त्यातल्या दोघांना तरी इंटरेस्ट वाटला असेल.

पण घरी हे करायचं नाही. अजिबात नाही. पानाच्या डब्यातल्या चुन्याची निवळी करून चित्र बुडवायचा विचारसुद्धा करू नका. पाण्याने दाबाची चौकट सपाट होते, कागदाला लावलेली सरस निघते, हाताने रंग दिलेले असतील तर धुऊन जातात. तपकिरी ठिपके म्हणजे फॉक्सिंग असेल तर ब्लीच, हायड्रोजन पेरॉक्साइड, ब्रेडचा तुकडा, इंटरनेटवरचं काहीही लावू नका. ठिपके जुने आणि कोरडे असतील तर ते असू देत. मऊ रुंद ब्रशने सुटी धूळ मधून बाहेरच्या बाजूला झटकायची, आपली मजल तेवढीच. बुरशी ओली, केसाळ दिसत असेल किंवा कागद मोडत असेल तर संग्रहालयात काम केलेल्या कागदाच्या कॉन्झर्व्हेटरकडे न्या.

सातवी पायरी: माउंट आणि फ्रेम

आमच्याकडे आजोबांचा एक फोटो काचेला चिकटून गेला, आता तो काढला तर नाकापर्यंतचा भाग काचेवरच राहील. त्या फ्रेमवाल्याने काच थेट फोटोवर ठेवली होती, मागे हार्डबोर्ड आणि चारी बाजूंनी सेलोटेप. बहुतेक ठिकाणी अजून हेच करतात, म्हणून सामान आपण न्यायचं आणि समोर उभं राहून करून घ्यायचं.

माउंट बोर्ड, म्हणजे चित्राच्या मागे-पुढे ठेवायचा जाड पुठ्ठा, ॲसिड-फ्री, शक्यतो कॉटनचा, मागचाही आणि खिडकी कापलेला पुढचाही. दुकानदार म्हणाला म्हणून विश्वास नको, पीएच टेस्टिंग पेन मिळतं, बोर्डाच्या टाकाऊ तुकड्यावर रेघ मारायची, जांभळी झाली तर बरा, पिवळी राहिली तर ॲसिडवाला. पेन चित्रावर चालवू नका हो, असं विचारणारे भेटलेत म्हणून सांगते. चांगल्या बोर्डात मुद्दाम कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं असतं, परत ब्लॅकसाहेब हजर.

चित्र बोर्डाला पूर्ण चिकटवायचं नाही, फक्त वरच्या कडेला मागून दोन छोट्या बिजागऱ्या, जपानी कागदाच्या, आणि चिकटवायला गव्हाच्या स्टार्चची खळ. ती फक्त पाण्याने सुटते हा तिचा मोठा गुण, पुढच्या माणसाला चित्र सुखरूप काढता येतं. मैदा नको, गव्हाचं निव्वळ सत्त्व, एक भाग सत्त्व आणि साधारण पाच भाग पाणी, मंद आचेवर सतत ढवळत काचेसारखं दिसेपर्यंत, मग गार करून चाळणीतून घासून घ्यायची. आपल्याकडे बाइंडिंगच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, ते इथे बिलकुल नको, तांब्याचे क्षार कागदाला हळूहळू पोखरतात. थोडीच करा आणि उरली तर फेका. सेलोटेप, फेव्हिकॉल, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, सगळं बाद.

पुढच्या माउंटची खिडकी दाबाच्या चौकटीच्या बाहेर सात-आठ मिलिमीटर ठेवून कापायला सांगा. चौकट आणि खालचा मजकूर झाकून टाकला तर एवढी सगळी तपासणी कशाला केली? काच आणि कागद यात माउंटच्या जाडीएवढं अंतर राहतं ते पुरतं. जमलं तर यूव्ही अडवणारं ॲक्रिलिक, नाहीतर साधी काच आणि शहाणपणाची जागा.

आठवी पायरी: जागा आणि पावसाळा

बाहेरची भिंत नको, बाथरूमला लागून असलेली नको, खिडकीसमोरची नको. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना कॉर्कचे किंवा रबराचे बटण लावा म्हणजे भिंत आणि फ्रेम यात हवा खेळते. एसीच्या खोलीत लावत असाल तर झोत थेट येऊ देऊ नका आणि एसी दिवसभर चालू-बंद करत राहू नका, गार पडलेल्या काचेवर दमट हवेतलं पाणी बसतं. (ती वाफ पाणी होताना जी उष्णता सोडते तिचा हिशोब मांडणाराही हाच, फ्रेममधून बघत असतो.) संग्रहालयं कागदाला ५० लक्सच्या आसपास उजेड ठेवतात, घरी एवढं मोजायला कोण बसतंय, ऊन लागत नाही आणि ट्यूबलाइट अगदी डोक्यावर नाही एवढं बघा.

जूनमध्ये मी ते सरळ खाली काढते. ॲसिड-फ्री फोल्डरमध्ये, प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी, ती निळी आहे तोवर ठीक, गुलाबी झाली की भाजून घ्यायची किंवा बदलायची. डांबरगोळ्या नकोत. कडुलिंबाचा पाला आजीच्या साड्यांना ठीक, इथे नको, डाग पडतो आणि ओलावा येतो. कसर म्हणजे ते चंदेरी चपळ किडे खळीवर आणि कागदावर तुटून पडतात, त्यामुळे महिन्यातून एकदा कोरड्या दिवशी डबा उघडून बघायचाच. ऑक्टोबरचं ऊन तापलं की परत भिंतीवर.

फोल्डरच्या बाहेर, चित्राच्या मागे नाही, मऊ पेन्सिलने सगळं लिहून ठेवा: कोण, कोणावरून, कोणी खोदलं, मापं, वॉटरमार्क, कुठून कधी घेतलं, काय डाग आहेत. पावतीचा फोटो आणि आडव्या उजेडातला फोटो पण ठेवा. अर्थशास्त्रवाल्या ॲडम स्मिथने मरायच्या आधी आपली हस्तलिखितं जाळायला ज्यांना सांगितली ते दोघे म्हणजे ब्लॅक आणि हटन, आणि त्यांनी ती जाळलीही. असल्या माणसाच्या बाबतीत कागदपत्रं आपणच जपलेली बरी.

आणायचं असेल तर

गुंडाळी करून नळकांड्यात नको, जुना कागद उलगडताना मोडतो. दोन ताठ बोर्डांमध्ये सपाट, चारी बाजू बंद, वर प्लॅस्टिक, आणि केबिन बॅगेतच. भाच्याने माझं तसंच आणलं, लॅपटॉपच्या कप्प्यात.

त्याचा काल परत मेसेज आला. केचं ब्लॅक-हटनवालं सापडलंय म्हणतो, फोटोत चौकट स्वच्छ दिसतेय, रेघा बोथट टोकांच्या, सगळं बरोबर. दुकानदार १७८७ चं म्हणून भाव सांगतोय. मी म्हटलं कागद उजेडापुढे धर आणि वॉटरमार्क आहे का बघ. तर आहे, अर्धाच आहे, पण शेवटचे दोन आकडे दिसतायत, तीन आणि सहा. त्याला सांगितलंय की घे, पण १८३७ च्या भावाने घे.